किलपेकचे ८५ दगड

शुक्रवार

लेकीकडे ब्रिस्टलला येऊन महिना झाला होता. लंडन, बाथ, स्टोनहेंज असं पाहुण्यांना दाखवायचं सगळं दाखवून झालं होतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. जावयांनी शुक्रवार आणि सोमवारची रजा टाकली आणि विचारलं, “आई, आता कुठं?” मी म्हटलं, एखादं खेडं दाखवा. बसा भरभरून माणसं उतरतात तसलं नको, साधं नांदतं खेडं.

लेकीनं लगेच नाव काढलं, किलपेक. हेरिफर्डशायरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळ. तिथं पाहायचं काय? एक चर्च.

“एकच?” ह्यांनी विचारलं.

“बाबा, खिद्रापूरला तरी काय असतं? एक देऊळ.”

यावर ह्यांना बोलायला जागाच उरली नाही. आम्ही कुरुंदवाडचे. आल्यागेल्याला खिद्रापूरचा कोपेश्वर दाखवून दाखवून ह्यांना त्या देवळाचे खांब पाठ झाले आहेत.

सेव्हर्न नदीवरचा १९६६ सालचा झुलता पूल ओलांडला की वेल्स लागतं. मग वाय नदीच्या काठाकाठानं रस्ता. वाटेत टिंटर्नचा मठ, ११३१ साली स्थापन झालेला, आता छप्पर नाही, नुसत्या कमानी. पाच मिनिटं थांबलो, फोटो काढले, निघालो. मनमथ गाव मागं पडलं की पुन्हा इंग्लंड. हद्द कुठं ओलांडली ते फक्त पाट्यांवरून कळतं. वेल्समध्ये पाट्या दोन भाषांत असतात, इकडं एकीत. बेळगावच्या वाटेवरची आठवण झालीच.

जेवणाच्या वेळेला हेरिफर्डला पोचलो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये एक नकाशा आहे, सुमारे १३०० सालचा. एका अख्ख्या वासराच्या कातड्यावर काढलेला, उंची १.५९ मीटर, म्हणजे माझ्याहून दोन बोटं जास्त. त्याला ‘माप्पा मुंडी’ म्हणतात. पहिली काही मिनिटं त्यातलं काहीच कळत नाही, कारण पूर्व वर आहे. मधोमध जेरुसलेम, अगदी माथ्यावर गोल बेटात ॲडम-ईव्हची बाग, आणि इंग्लंड खाली डाव्या कडेला कसंबसं कोंबलेलं. युरोप आणि आफ्रिका ही नावं सोनेरी अक्षरांत आहेत, पण एकमेकांच्या जागी! सातशे वर्षं तो घोटाळा तसाच. खुद्द हेरिफर्डची जागा मात्र पुसट झाली आहे, ‘आपण इथं’ म्हणून लोकांनी बोट लावून लावून.

मी अर्थातच भारत शोधला. तो वरती, त्या बागेच्या शेजारी. बरं वाटलं. पण तिथली वस्ती पाहिल्यावर हसू आवरेना. पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती एकवेळ ठीक. पण एकाच पायाचा एक माणूस आपल्याच भल्याथोरल्या तळव्याची सावली डोक्यावर धरून बसला आहे. आणि एक मँटिकोर, धड सिंहाचं, तोंड माणसाचं. टेसियस नावाच्या ग्रीक वैद्यानं इराणच्या दरबारात ऐकलेल्या गोष्टींवरून लिहून ठेवलं होतं की भारतात असला प्राणी असतो. नावसुद्धा फारसीतल्या ‘माणूसखाऊ’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. बहुधा आपल्या वाघाचीच कीर्ती, या तोंडून त्या तोंडी जाताना वाढत गेलेली. ह्यांनी नकाशापुढं उभं राहून जाहीर केलं, “आमच्याकडं कधी दिसला नाही.”

हा मँटिकोर मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. तो उद्या पुन्हा येणार आहे.

पलीकडच्या दालनात साखळ्यांनी बांधलेली पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला साखळी, साखळी फळीच्या सळईत अडकवलेली, आणि पुस्तकं उलटी लावलेली, म्हणजे कणा आत आणि पानांची कड बाहेर. खाली काढताना साखळीचा गुंता होऊ नये म्हणून. मी हायस्कुलात मराठी शिकवता शिकवता बरीच वर्षं ग्रंथालयही सांभाळलं. न परतलेल्या पुस्तकांची यादी दर एप्रिलला करायची. त्या साखळ्यांकडे मी जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

संध्याकाळी मुक्कामाच्या शेतघराकडे निघालो आणि नकाशा सांगणाऱ्या बाईनं आम्हाला एका बोळात घातलं. इथले शेतरस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना दीड पुरुष उंचीची कुंपणाची झाडी आणि मध्ये एक गाडी मावेल एवढी पन्हळ. समोरून ट्रॅक्टर आला. जावई गाडी मागं घेत घेत पार वळणापर्यंत गेले. ट्रॅक्टरवाला जाताना एक बोट वर करून गेला. हे रागावले, पण ते इथलं आभार मानणं असतं म्हणे.

शनिवार

शेतघराच्या मालकीणबाईंनी न्याहारीला ह्यांच्यासाठी मशरूम, टोमॅटो आणि भाजलेले पाव केले. वर विचारलं, “चिकन तरी चालेल ना?” ह्यांनी नम्रपणे डब्यातलं मेतकूट काढलं आणि लोण्यावर भुरभुरलं. बाईंनी चमचाभर चाखलं, दुसरा चमचा मात्र घेतला नाही.

किलपेक तिथून दहा मिनिटं. गाव म्हणजे काही घरं, एक पब, शेतं आणि शेतांच्या कडेला चर्च. दुकान मला दिसलं नाही. रस्त्याच्या कडेला सफरचंदांच्या बागा, झाडाखाली लालपिवळा सडा. एक उचलून चावलं तर हिरड्यासारखं तुरट. ती सायडरची, म्हणजे इथल्या सफरचंदी दारूची सफरचंदं, खायची नव्हेत. इथं त्यांची बागाईत आपल्याकडच्या उसासारखी. पलीकडे कुरणात तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई. ही जात मूळ इथलीच, नावही हेरिफर्डच.

चर्च पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, “एवढंसंच?” ना मनोरा, ना शिखर. पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती एक चिमुकली चौकट, बस्स. पण दगडाचा रंग! गेरूत बुडवून काढल्यासारखा लालसर, आणि सकाळचं ऊन त्यावर तिरपं आलेलं.

मांडणी आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. आधी सभामंडप, मग अंतराळ, मग अर्धगोल गाभारा. तीन खण, एकापुढं एक, पूर्वेकडं तोंड करून. १०८६ साली विल्यम राजानं साऱ्या इंग्लंडची जमीनमोजणी करून जे दप्तर बनवलं त्यात या गावाची नोंद आहे. विल्यमनं हे गाव ज्या नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या, सरदाराला दिलं त्याचा मुलगा ह्यू. त्यानं ११४० च्या सुमारास हे चर्च बांधलं. त्याच शतकात आमच्याकडे शिलाहार कोपेश्वर उभारत होते. दोन्हीकडच्या पाथरवटांना एकमेकांचा गंधही नव्हता, हे आधीच सांगते. कारण पुढं मी जे जे सांगणार आहे त्यावरून कुणी तरी ‘बघा, तिथंही आपलीच संस्कृती’ असं म्हणायला उठेल. तसलं काही नाही. पण डोळे आपले असतात, आणि ते आपल्या सवयीनंच बघतात.

दक्षिणेचा दरवाजा हे इथलं वैभव. तो समोर आला आणि ह्यांनी न ठरवता चपला काढायला पाय वर केला. बूट होते, म्हणून राहिलं.

दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खांब. बाहेरच्या खांबांवर साप, एकानं दुसऱ्याची शेपटी तोंडात धरलेली, अशी वरपासून खालपर्यंत माळ. मी म्हटलं, ही तर देवळाच्या दारचौकटीवरची नागशाखा. आतल्या डाव्या खांबावर वेलींच्या गुंत्यात दोन शिपाई उभे, अंगात चट्ट्यापट्ट्यांचं आणि पायांत सैल विजार. बाराव्या शतकातल्या इंग्लंडात असली विजार सहसा दिसत नाही म्हणतात. “मावळे,” हे म्हणाले. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक तोंड, आणि तोंडातून दोन्ही बाजूंना वेली फुटलेल्या. इंग्रज याला ‘ग्रीन मॅन’ म्हणतात, पण ते नाव जुनं नाही. लेडी रॅग्लन नावाच्या बाईंनी १९३९ साली एका लेखात ते रूढ केलं. मला त्यात कीर्तिमुख दिसलं. देवळाच्या उंबऱ्यावरचं, डोळे वटारलेलं, तोंडातून वेलबुट्टी सोडणारं. फक्त आपलं कीर्तिमुख दरडावतं. हा गृहस्थ मात्र पानं घशात अडकल्यासारखा कावराबावरा दिसतो.

दाराच्या माथ्यावरच्या अर्धगोल दगडावर झाड आहे, द्राक्षवेलीसारखं. जीवनवृक्ष म्हणतात. आणि त्याच्याभोवतीच्या कमानीवर एकेका दगडात एकेक प्राणी, काही ओळखीचे, काही कुणाच्याच ओळखीचे नाहीत. लेक पत्रक वाचत होती. एकदम थांबली. “आई, हा बघ कोण. मँटिकोर असावा म्हणतात.”

जवळ जाऊन पाहिलं. झिजलेला होता, पण तोंड माणसाचं वाटत होतं. काय गंमत आहे बघा. नकाशा व्हायच्या दीडएकशे वर्षं आधी, जिथं आजही बस मिळायची मारामार, अशा खेड्यातल्या एका पाथरवटाला आमच्या देशातला (म्हणजे आमच्या देशात कधीच नसलेला) प्राणी माहीत होता. प्राण्यांच्या गोष्टींच्या पोथ्या तेव्हा मठामठांतून फिरत. टेसियसची थाप दीड हजार वर्षं चालत चालत इथं येऊन दाराच्या कमानीवर बसली होती.

या सगळ्याचा अर्थ काय, याचं खात्रीशीर उत्तर कुणाकडे नाही. साप म्हणजे कात टाकून पुनर्जन्म, असं एक सांगतो. साप म्हणजे पाप, असं दुसरा. पत्रकात दोन्ही लिहिलं होतं आणि पुढं ‘कदाचित’. मला तो ‘कदाचित’ आवडला. आपल्याकडच्या एखाद्या गाइडनं पाच मिनिटांत साऱ्यांचा निकाल लावला असता.

मग आम्ही बाहेरून प्रदक्षिणा घातली (घड्याळाच्या दिशेनं, सवयीनं). छपराखाली सगळ्या भिंतींभोवती ओळीनं दगडी टेकू बाहेर आले आहेत. त्यांना इंग्रजीत कॉर्बेल म्हणतात. प्रत्येकावर काहीतरी कोरलेलं. १८४२ साली एका चित्रकारानं त्यांची चित्रं काढली तेव्हा ते ९१ होते, आता ८५ आहेत. जावयांनी तिथंच पण केला: पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशींचे फोटो काढायचे. एकही सोडायचा नाही. ते कामाला लागले.

खरं सांगते, या ८५ दगडांपुढं मी दार विसरले. मेंढ्याचं डोकं. डुक्कर. सारंगीसारखं वाद्य वाजवणारा एक. एकमेकांना मिठी मारलेले दोघं, कुस्ती खेळतात की लाड करतात ते ठरवता येत नाही. देवाचं कोकरू, क्रूस घेतलेलं. आणि त्यांच्यातच एक कुत्रा आणि एक ससा, शेजारी शेजारी, लोंबते कान, बटबटीत डोळे. कुत्र्यानं सशाच्या मागं धावायचं असतं हे दोघांनाही माहीत नसावं. आजच्या पोरांच्या उशाशी ठेवायच्या खेळण्यासारखे दिसतात ते. नऊशे वर्षांपूर्वीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

देवाच्या घराला टेकू द्यायचे, त्यातल्या एकाला कोकरू करायचं आणि दुसऱ्याला डुक्कर, आणि दोघांवर सारखीच मेहनत घ्यायची. हे ज्यानं केलं त्याला कुणी अडवलं नाही. हेरिफर्डशायरमध्ये त्या काळी पाथरवटांचा एक फड होता, आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांचा हात ओळखता येतो. नाव एकाचंही ठाऊक नाही. देवळावरही मालकाचं नाव शिलालेखात आणि पाथरवटाचं कुठंच नाही, असंच बहुतेक असतं.

गाभाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला आलो. जावई पुढं होते. कॅमेरा वर केला आणि एकदम खाली घेतला. “इथून उन्हाचा त्रास होतोय,” असं काहीतरी पुटपुटून पुढच्या कोपऱ्याकडे गेले. सूर्य आमच्या पाठीशी होता.

मी वर पाहिलं. एक बाई. मोठं टकलं डोकं, गोल डोळे, किरकोळ शरीर, आणि दोन्ही हातांनी तिनं आपली योनी उघडून धरलेली. लपवाछपवी नाही, लाज नाही, तोंडावर जरासं हसू. हिला ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. नाव आयर्लंडकडचं. आयर्लंडात अशा शंभरावर आहेत, ब्रिटनमध्ये त्याहून कमी, आणि त्या सगळ्यांत ही किलपेकची प्रसिद्ध.

लेक माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते ते ऐकायला. मी काय म्हणणार? लज्जागौरी आपल्याकडे तेरला, भोकरदनला सापडल्या आहेत. बदामीच्या संग्रहालयात तर केवढी देखणी आहे. तिला डोक्याच्या जागी कमळ, भरलेलं अंग, पाय दुमडून पसरलेले. मूल व्हावं म्हणून बायका तिला लोणी लावतात, शेंदूर लावतात. तिला पाहिलं की सुपीक काळी जमीन आठवते. ही शीला तशी नाही. ही हडकुळी आहे, म्हातारी असावी, आणि तिला कमळ नाही, चेहरा आहे. तो चेहरा सरळ तुमच्याकडे बघतो. कुणी म्हणतं ती वासनेची भीती घालायला आहे, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं बाळंतपणाची देवी. मला विचाराल तर भीती घालणाऱ्या मूर्तीला असं हसू येत नाही.

“आई, तू किती वेळ बघतेस,” लेक म्हणाली.

“बघू दे गं. तिला नऊशे वर्षं लोक बघताहेत.”

मी माझ्या फोनवर एक फोटो काढला.

आत गेलो. आत थंड, अर्धा अंधार, मेणाचा वास. अंतराळाच्या कमानीला दोन्ही बाजूंना संत उभे आहेत, एकाच्या डोक्यावर एक असे तीन-तीन. पीटर त्याच्या हातातल्या किल्लीवरून ओळखू येतो. असे एकावर एक उभे संत स्पेनमधल्या सांतियागोच्या चर्चला आहेत. याच परगण्यातल्या शॉब्डनचा ऑलिव्हर दे मेर्लिमाँ सांतियागोची वारी करून आला होता आणि परतल्यावर त्यानं आपल्या गावी चर्च बांधलं. ती कल्पना त्याच्याबरोबर आली असणार, असं अभ्यासक मानतात. वारीला गेलेला माणूस काही ना काही घेऊन येतोच.

कोपऱ्यात पवित्र पाण्याचं एक दगडी भांडं आहे. त्याला दोन हात कोरलेत आणि त्या हातांनी भांड्यानं स्वतःचंच पोट धरलंय. पोटभर जेवलेल्या भटजींसारखं. हे त्याच्यापाशी बराच वेळ उभे होते.

पत्रकं दाराजवळ ठेवलेली, पैसे भिंतीतल्या पेटीत टाकायचे, बघायला कुणी नाही. सगळा दिवस चर्च उघडं असतं. हे एवढं सगळं टिकलं कसं, हा प्रश्न मला परतताना पडला. एक कारण दगड, इथला तांबडा वालुकाश्म चांगला निघाला. दुसरं, दक्षिणेच्या दारावर लाकडी पडवी होती, ती १८६८ साली काढली. पण मला तिसरं कारण मोठं वाटतं. या गावात पुढं कुणी श्रीमंत झालं नाही. शॉब्डनला झालं. तिथल्या जमीनदारांनी १७५० च्या दशकात जुनं चर्च पाडून नव्या फॅशनचं बांधलं आणि जुन्या कोरीव कमानी शोभेसाठी टेकडीवर नेऊन उभ्या केल्या. उघड्यावर पावसात त्यावरचं नक्षीकाम धुऊन निघालं आहे. ग्रामस्थांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार होऊन, ऑइलपेंट आणि फरशी लागलेली आपली जुनी देवळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे उलगडून सांगायला नको.

रविवार

मालकीणबाई म्हणाल्या, आज किलपेकला प्रार्थना आहे. दर रविवारी नसते. एका पाद्रीबाईंकडे अनेक गावं, त्यामुळे आज इथं, पुढच्या आठवड्यात तिथं. आम्ही ख्रिस्ती नाही, आलो तर चालेल का, असं लेकीनं विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

माणसं पंधरा-सोळा असतील, बहुतेक आमच्याच वयाची किंवा पुढची. भिंतीवरच्या फळीवर गाण्यांचे आकडे लावलेले. आकडा बघायचा, पुस्तक उघडायचं, उभं राहायचं. सूर सगळ्यांचा एकच लागत होता असं नाही. मधे एकदा सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. एका वृद्ध गृहस्थांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, तेव्हा हे उगीचच गंभीर झाले. पाऊण तासात आटोपलं. पाद्रीबाई झगा काढून हातावर टाकून पुढच्या गावाला पळाल्या. मागं राहिलेल्यांनी थर्मासमधला चहा आणि बिस्किटं काढली.

दाराशी एक तक्ता टांगला होता. तारखा आणि पुढं नावं. मी विचारलं तर कळलं, फुलांची पाळी. या आठवड्यात फुलं कुणी ठेवायची, झाडलोट कुणाची, पितळ कुणी घासायचं. मला हसू आलं आणि मग लगेच घरची आठवणही. आमच्याकडे देवळात गुरवांची पाळी असते, आमची पाळी तुमची पाळी म्हणून भांडणं कोर्टापर्यंत जातात, कारण पाळीबरोबर उत्पन्न येतं. इथं पाळीबरोबर फक्त काम येतं, म्हणून तक्त्यातले तीन-चार रकाने रिकामे होते. छपराचा खर्च, दगडाची निगा, सगळं या पंधरा-सोळा जणांच्या डोक्यावर. कुणी बाहेरचे कॉर्बेल बघायला जर्मनीहून येतं, जपानहून येतं, फोटो काढून जातं. त्यातले किती पेटीत काही टाकतात, ते मी विचारलं नाही.

आज फुलांची पाळी असलेल्या आजींना मी शीलाबद्दल विचारलं. त्या खुदकन हसल्या. “लहानपणी आम्हाला सांगायचे, तिकडे बघायचं नाही. म्हणून आम्ही सगळ्यात आधी तिकडेच जायचो.” एवढं बोलून त्यांनी जुनी फुलं बादलीत भरली आणि त्या निघून गेल्या.

दुपारी चर्चच्या मागच्या टेकाडावर चढलो. ती गढी. मातीचा मोठा ढीग, त्यावर दगडी कोटाचे दोनच तुकडे उभे, त्यांवर झुडपं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन राजा इथं मुक्कामाला येऊन गेला आहे. १६४५ च्या यादवीत कोट पाडला. वरून पश्चिमेला वेल्सचे डोंगर दिसतात, निळसर, सरळ कडा असलेले, सह्याद्रीसारखेच पण कुणीतरी वरून रंधा मारल्यासारखे. हा सारा मुलूख पूर्वी वेल्श बोलणाऱ्यांचा. किलपेकमधलं ‘किल’ हेही वेल्शच, म्हणजे कोपरा, आडोसा.

खाली चर्चच्या ईशान्येला कुरणात जमीन उगाचच उंचसखल दिसते. ते जुनं गाव. घरांची जोती, गल्ल्या, सभोवतीचा बांध, सगळं गवताखाली. आपल्या महसूल दप्तरात अशा गावांपुढं ‘बेचिराख’ असा शेरा असतो: दिवा लागत नाही असं गाव. मेंढ्या चरत होत्या. जावयांनी चर्चकडे एक हेलपाटा मारला, उत्तरेच्या बाजूचे काही कॉर्बेल काल राहिले होते म्हणे.

सोमवार

परतीचा दिवस, पण वाकडी वाट करून. गोल्डन व्हॅलीतून गेलो. नावामागं सोनं वगैरे नाही. इथल्या नदीचं नाव डोर, वेल्श ‘दूर’ म्हणजे पाणी. नॉर्मनांना ते त्यांच्या फ्रेंचमधलं ‘द्’ओर’, सोन्याचं, असं ऐकू आलं. कानाच्या चुकीनं खोऱ्याचं सोनं झालं. ॲबी डोर इथं ११४७ सालचा मठ होता. राजानं १५३६ मध्ये मठ मोडला, उरलेला भाग सतराव्या शतकात दुरुस्त करून गावाला चर्च म्हणून दिला. उंच आहे, भव्य आहे, जॉन एबल या सुताराची ओकची जाळी सुंदर आहे. पण किलपेकनंतर मला तिथं कुणीच हसताना दिसलं नाही.

तिथून हे-ऑन-वाय. गावाचं नाव ‘हे’ असल्यानं आमच्या ह्यांना ते फारच आवडलं. वेल्सच्या हद्दीतलं जुन्या पुस्तकांचं गाव. रिचर्ड बूथ या गृहस्थानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथं दुकान काढलं, आणि १९७७ च्या एक एप्रिलला स्वतःला या गावाचा राजा घोषित केलं. आपल्याकडचं भिलार, पाचगणीजवळचं, २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं ते याच गावाकडे पाहून. भिलारला पुस्तकं विकत नाहीत, घरोघरी बसून वाचायची. इथं सगळी विक्रीला. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर कपाटं, पुस्तक घ्या आणि पैसे पेटीत टाका. शुक्रवारच्या साखळ्या आठवल्या. मी दोन पुस्तकं घेतली, पैसे टाकले, आणि मागं वळून पाहिलं की खरंच कुणी बघत नाहीये ना.

ब्रिस्टलला पोचायला रात्र झाली. पिठलं-भात केला. जेवण झाल्यावर जावयांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि लेक मोठ्यानं मोजायला लागली. मेंढा, डुक्कर, सारंगीवाला. कुत्रा-ससा आल्यावर सगळे पुन्हा हसलो. शेवटचा फोटो गेला, पडदा काळा झाला.

“चौऱ्याऐंशी,” लेक म्हणाली. “एक कमी आहे.”

कुणी काही बोललं नाही. जावई लॅपटॉपच्या वायरीकडे बघत होते. ह्यांनी बडीशेपेची डबी उघडली आणि बंद केली.

“माझ्या फोनमध्ये आहे,” मी म्हटलं. “पाठवू?”